मानेच्या पुंगळीत काळी दारू: सातव्या बारानंतर गोळी का भरकटते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. .४५-७० काडतुसाच्या सरळ पुंगळीत (पितळी कवचात) काळी दारू आणि ओतीव शिशाची गोळी तुम्ही बरीच वर्षं भरताय, तिथे काही तक्रार नाही. आता हाती आली आहे १८७१ च्या मॉझरची ११ मिलिमीटरची एकबारी रायफल, म्हणजे मानेच्या, बाटलीच्या घाटाच्या पुंगळीची. रीत तुम्ही तीच ठेवलीत: गाडीच्या चाकांना लावतात त्या वजनांच्या शिशाची गोळी, खाली पुठ्ठ्याची चकती, दारू डायने, म्हणजे पुंगळी धरणाऱ्या पोलादी साच्याने, चांगली ठासलेली. पहिले चार-पाच बार तळहाताएवढ्या जागेत बसतात, सातव्यापासून गोळ्या रानोमाळ होतात, आणि दहावी तर कागदावर आडवी छापली गेली. एकदा बारानंतर चकती पुंगळीतच राहिलेली सापडली. यावर उपाय म्हणून गोळी आणखी कडक ओतावी की दारू कमी करावी, असं तुम्ही विचारलंय. आणि जाताजाता, याच पद्धतीने .३०-३० भरता येईल का, हेही.

दोन्ही करू नका. गोळी कडक नाही, मऊ करा. दारू कमी करून पुंगळीत पोकळी तर मुळीच ठेवू नका. आणि ती चकतीची भरणी आजच बंद करा. अचूकता राहू द्या, ती नळीच बिघडवू शकते. का ते खाली येईलच.

काळ्या दारूत शंभरात पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. ती जळल्यावर वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग वायू होतच नाही. पोटॅशियमच्या कार्बोनेट-सल्फेटसारखे क्षार घन रूपातच उरतात. त्यातले काही धुराबरोबर बाहेर जातात (तो पांढरा लोट म्हणजे हेच), बाकीचे नळीच्या आतल्या अंगाला बसतात. हे क्षार पाणी ओढून घेणारे आहेत. हवा दमट असेल तर काजळी ओलसर, काळ्या लोण्यासारखी राहते आणि पुढची गोळी तिला ढकलत घेऊन जाते. हवा कोरडी असेल, नळी तापलेली असेल, तर तिची खपली होते. पुढची गोळी त्या खपलीवरून खरवडत जाते, तिच्यावर आणखी खपली चढते, आणि चार-पाच बारांत नळीचे चर (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) नावालाच उरतात. काळ्या दारूचं सगळं काम म्हणजे ही काजळी मऊ ठेवणं. दारू किती, गोळी कसली, वंगण कोणतं, चकती हवी की नको, हे सगळे प्रश्न याच एका कामाचे पोटप्रश्न आहेत.

आता घाटाकडे या. मानेची पुंगळी म्हणजे मोठी भट्टी आणि तिच्यावर बारीक धुराडं. हे मी एक साधा भागाकार करून बघतो: दारूचे ग्रेन (एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन) भागिले नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस इंचात. तुमच्या .४५-७० ला ७० ग्रेन दारू, छेद साधारण ०.१६, म्हणजे आकडा येतो ४४० च्या आसपास. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलीच्या .५७७/४५० ला ८५ ग्रेन, नळी तीच .४५ ची, म्हणजे ५३० च्या आसपास. ११ मिलिमीटर मॉझरची मूळ भरणी ५ ग्रॅम, म्हणजे ७७ ग्रेन. आकडा ५२० च्या घरात. .४४-४० ची मान तर नुसती नावाला, ४० ग्रेन दारू, आकडा तीनशेच्याही खाली. म्हणूनच ते काडतूस काळ्या दारूवर इतकं सालस वागतं. आणि .३०३ ब्रिटिश, जे १८८८ मध्ये काळ्या दारूवरच सुरू झालं होतं? ७० ग्रेन दारू, नळी .३०३ ची. आकडा ९७० च्या आसपास. .४५-७० च्या दुपटीहून जास्त.

या आकड्याला शास्त्र वगैरे म्हणू नका, पण दिशा तो बरोबर दाखवतो: प्रत्येक बाराला नळीच्या दर चौरस इंचातून किती कचरा जाणार. आणि तुमच्या बाबतीत तो एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ४४० वरून ५२० ही काही अशी उडी नाही की चांगली चालणारी रीत सातव्या बाराला कोलमडावी. म्हणजे सगळा दोष 'मान आहे म्हणून' असा मानेवर ढकलता येणार नाही. तुमची .४५-७० काही चुका पोटात घालत होती. मॉझर त्या घालत नाही.

पहिली चूक, गोळीचा कडकपणा.

निव्वळ शिशाचा ब्रिनेल कडकपणा ५ धरतात. वीस भाग शिसे आणि एक भाग कथील घातलं की तो १० च्या आसपास जातो. छापखान्यातल्या लायनोटाइपच्या धातूचा २२. चाकांची वजनं कुठेतरी अधेमध्ये पडतात, पण त्यांचं काही खरं नाही: एका डब्यातली वजनं आणि दुसऱ्या डब्यातली यांत अँटिमनी सारखाच असेल याची हमी कुणी देत नाही, आणि आताशा बरीच वजनं जस्ताची किंवा पोलादाची येतात. काळ्या दारूचा दाब झटकन चढतो पण फार उंच जात नाही. त्या धक्क्याने मऊ गोळीचं बूड क्षणभर फुगतं आणि चरांत गच्च बसतं. कडक गोळी फुगत नाही. तिच्या बाजूने गरम वायू पुढे निसटतो, जाताना वंगण जाळतो, आणि गोळीच्या पुढची नळी कोरडी करून ठेवतो. कोरड्या नळीत खपली धरते. म्हणजे 'काजळी जास्त होतेय म्हणून गोळी कडक करू' हा उपाय नेमका उलटा आहे.

शिसे-कथील एकास वीस हे मिश्रण धरा आणि तिथेच थांबा. एकास तीसही चालेल. मार्टिनीची मूळ गोळी ४८० ग्रेनची आणि एकास बारा कथिलाची होती, म्हणजे थोडी कडकच. पण तिच्यावर कागद गुंडाळलेला असे, नळीला शिसे लागतच नसे. कागदी गोळीचं गणित वेगळं, ते इथे लावू नका.

गोळीची जाडी मात्र अंदाजाने ठरवू नका. तेलाचा हात फिरवलेल्या नळीतून मऊ शिशाचा गोळा लाकडी दांड्याने ठोकून पार करा आणि त्याचा सर्वांत जाड भाग मोजा. गोळी त्याहून एक-दोन हजारांश इंच जाड हवी. दीडशे वर्षांच्या रायफलींच्या नळ्यांत इतका फरक आढळतो की काडतुसाच्या नावातल्या आकड्यावर विसंबणं म्हणजे निव्वळ भाबडेपणा. याच ठिकाणी मानेच्या पुंगळीचा पहिला पेच येतो. नळी ढिली म्हणून तुम्ही गोळी जाड घेतलीत, तर भरलेल्या काडतुसाची मानही जाड होते, आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) मानेला फुगायला जागा उरत नाही. मग मान गोळीला सोडत नाही आणि दाब नको तिथे चढतो. तपासायची सोपी रीत: त्याच रायफलीत उडवलेली पुंगळी घ्या, डायमधून काढू नका, आणि गोळी बोटाने तिच्या मानेत सोडा. अलगद आत गेली पाहिजे. अडली, तर ती गोळी त्या चेंबरची नाही. पातळ गोळी घ्या, किंवा मानेचं पितळ आतून तासून पातळ करा; जोर करू नका.

दुसरी गोष्ट, दारू ठासणं. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण सरळ पुंगळीवर शिकलेला माणूस हमखास इथेच फसतो.

सरळ पुंगळीत ठासणीचा दट्ट्या आतल्या व्यासाएवढाच असतो. खाली दाबलं की दारूचा सगळा थर सारखा दबतो. मानेच्या पुंगळीत दट्ट्या मानेतून उतरतो, म्हणजे तो दारूच्या थराच्या मधल्या भागावरच बसतो. मी एकदा बिनटोपीच्या (ठिणगी देणारी टोपी नसलेल्या) जुन्या पुंगळीत दारू भरून नेहमीसारखी जोरात ठासली आणि पुंगळी कागदावर उपडी केली. काहीच पडलं नाही. मग बारीक लाकडी काडीने हळूहळू टोकरत गेलो. मधोमध पाटीवरच्या पेन्सिलीसारखा टणक खांब, त्यातले दाणे चिरडून पीठ झालेले, आणि खांद्याच्या आतल्या कडेला मात्र मोकळे, चकचकीत, जसे डब्यातून आले तसे दाणे. काडी लागताच ते घरंगळले. म्हणजे एकाच पुंगळीत दोन प्रकारची दारू झाली: मध्ये पिठी, कडेला दाणा. दाण्याचा आकार बदलला की जळण्याचा वेग बदलतो, आणि प्रत्येक पुंगळीत खांबाची उंची थोडी वेगळी. अशा भरणीला दर बाराला सारखा वेग कसा मिळणार?

१८८८ च्या .३०३ वाल्यांनी हा पेच कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. त्यांनी दारू पुंगळीत ठासलीच नाही. आधीच दाबून तिची मधोमध भोक असलेली वडी केली, सरळ पुंगळीत ती ठेवली, आणि मग पुंगळीला मान पाडली. घरच्या बाकावर हे कुणी करू शकत नाही आणि करूही नये. आपल्यासाठी धडा एवढाच की मानेतून ठासून चांगला थर होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग करायचं काय? ठासण्याऐवजी बसवायचं. सुमारे दोन फूट लांबीची पितळी नळी नरसाळ्याला लावा आणि दारू वरून बारीक धारेने सोडा. घाई नको, एका पुंगळीला दहा-बारा सेकंद तरी लागू द्या. दाणे एकमेकांच्या सांदीत आपोआप बसतात, खांद्याच्या कडेलाही. नुसत्या ओतलेल्या दारूपेक्षा थर चांगला खाली उतरतो, डोळ्यांना दिसेल इतका. त्यानंतर दट्ट्याने फक्त टेकवल्यासारखं दाबायचं, म्हणजे थराचा माथा सपाट होईल आणि गोळीचं बूड त्यावर टेकेल. दाबणी सोळांश इंचाच्या पुढे जायला लागली तर मी दारू किंचित कमी करतो किंवा एक नंबर जाड दाणा घेतो. एवढ्या मोठ्या पुंगळीला दोन एफचा दाणा (एफचा आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक) मला बारीकच वाटतो, दीड एफ मिळाला तर तो घ्या. तीन एफ इथे आणूच नका. काही कंपन्यांच्या दारूला दाबणी मानवते, काहींच्या दारूला अजिबात नाही. एका डब्यावर जुळवलेली भरणी दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर तशीच चालेल असं धरू नका. आणि गोळीनेच दारू ठासायचा मोह आवरा. मऊ गोळीचं नाक बसतं, बूड वाकडं होतं, आणि निशाणाच्या कागदावर त्याचं उत्तर मिळतं.

वजन किती घ्यायचं, तो आकडा मी इथे देत नाही. ७७ ग्रेन हा तेव्हाच्या कारखान्याचा, तेव्हाच्या पुंगळीचा आकडा आहे. आजच्या पुंगळ्यांचं पितळ जाड, आत जागा कमी. छापील पुस्तकातली भरणी बघा, तुमच्या पुंगळीत किती मावते ते मोजा, आणि रायफल आधी एखाद्या जाणत्या बंदूक-कारागिराला दाखवा. एक मात्र पक्कं: दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. काळी दारू मागे आणि गोळी पुढे अंतरावर, अशी परिस्थिती झाली की गोळी जिथे असते तिथे नळीला वळं पडतं, म्हणजे नळी कड्यासारखी फुगते. ठासणीच्या बंदुकीवाले हे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत: गोळी दारूवर टेकली नसेल तर बार काढू नका. पुंगळीतही नियम तोच.

आता ती चकती. सरळ पुंगळीत पुठ्ठ्याची चकती तुम्ही कितीही खाली ढकला, ती पुंगळीच्या भिंतीला धरून राहते. मानेच्या पुंगळीत ती मानेच्या खाली सरकली की तिला धरायला काहीच नाही. खांद्याच्या पोकळीत ती आडवी-तिडवी होते, गोळी आणि दारू यांच्यात फट पडते, आणि बार झाला की तिला पुन्हा त्या मानेतून दुमडून बाहेर पडावं लागतं. तुमची एक तर बाहेर पडलीच नाही. कधी एखादी अर्धी फाटून चेंबरच्या पुढे घशात अडकली, आणि तुम्ही न बघता पुढचं काडतूस सारलंत, तर तो नळीतला अडथळा झाला. मला स्वतःला याचा धडा स्वस्तात मिळाला: पुढचं काडतूस पुरतं आत जाईना, म्हणून खोलून बघितलं तर घशाशी जळक्या पुठ्ठ्याची घडी. काडतूस आणखी दोन हजारांश इंच पातळ असतं तर ते आत गेलं असतं, आणि मी चापही ओढला असता.

म्हणून नियम असा: दारूचा सपाट माथा मानेच्या तळाशी किंवा मानेच्या आत येत असेल, तरच चकती. ती मानेत घट्ट बसणारी हवी आणि बार होईपर्यंत मानेतच राहिली पाहिजे. माथा खांद्याच्या खाली राहत असेल तर चकती नाही, वंगणाची वडीही नाही. कमी दारू भरून वरची जागा रवाळ भरताडाने भरायची युक्ती सरळ पुंगळीत लोक करतात. मानेच्या पुंगळीत तो भरताडाचा गोळा मानेशी बूच होऊन बसतो आणि दाब वाढवतो. मी ती करत नाही, तुम्हीही करू नये असं माझं मत.

गोळी किती लांब हेही मानच ठरवते. वंगणाचे खाचे मानेच्या आत झाकलेले हवेत. खालचा खाच मानेच्या खाली दारूत उतरला, तर त्यातलं वंगण उन्हात मऊ होऊन दारूत मिसळतं आणि तेवढी दारू मेली. असा साचा असेल तर खालचा खाच कोरडा ठेवा. वरचे खाचे मात्र रुंद आणि खोल असलेला साचा बघून घ्या. धूरविरहित दारूसाठी बनवलेल्या बऱ्याच साच्यांचे खाचे नखाने कोरल्यासारखे उथळ असतात. त्यांत मावणारं वंगण काळ्या दारूला अर्ध्या नळीपर्यंतच पुरतं.

वंगणाचा विषय मी लवकर आटोपतो, कारण त्यावर लोक उगाच भांडतात. मधमाश्यांचं मेण आणि प्राण्याची चरबी किंवा वनस्पती तेल, साधारण निम्मं-निम्मं. गरमीत मेण थोडं जास्त. खनिज तेलापासून केलेली कडक वंगणं धूरविरहित दारूला ठीक, काळ्या दारूच्या काजळीशी ती डांबरासारखी चिकट होतात. जुन्या लष्करी काडतुसांत गोळीच्या खाली मेणाची वडी ठेवत, मार्टिनीतही आणि मॉझरमध्येही, आणि तिला पुठ्ठ्याच्या चकत्यांमध्ये धरत. म्हणजे त्यांनाही गोळीवरचं वंगण पुरत नव्हतंच.

वंगण पुरतंय की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. पाच बार काढा, रायफल उघडी आणि रिकामी आहे याची खात्री करा, आणि नळीचं तोंड बघा. कडेवर चराचरांतून बाहेर आलेली ओलसर, करडी-काळी चांदणी दिसली, बोटाला बुळबुळीत लागली, तर वंगण शेवटपर्यंत पोचतंय. तोंड कोरडं असेल, चिंधी बांधलेला गज पहिली वीतभर सरळ जातो आणि मग शेवटच्या पाच-सहा इंचांत कुरकुरत अडतो, तर तुमची गोष्ट तीच: वंगण वाटेत संपलं. तुमच्या आडव्या छापलेल्या गोळीची मला याच जागेबद्दल शंका आहे. शेवटच्या सहा इंचांत चर भरून गेले की गोळीवरची पकड सुटते.

त्यावर तोडगा श्वासाचा. रिकाम्या पुंगळीचं बूड कापून तिला रबरी नळी जोडा, बार झाल्यावर खटका उघडून ती चेंबरमध्ये बसवा आणि सहा-सात लांब श्वास सोडा. तोंडातली वाफ क्षारांना पुरते, खपली पुन्हा लोणी होते. कोरड्या हवेत श्वास जास्त. फुंकर मारू नका, हळू सोडा. जोराने मारलेली फुंकर वाफ न धरताच निघून जाते. आणि चेंबरच्या बाजूनेच, नळीच्या तोंडाशी तोंड कधीच नाही, रायफल रिकामी असली तरी. फुंकून भागत नसेल तर दर पाच बारांनी एक ओली चिंधी आणि तिच्यामागे एक कोरडी. मानेच्या चेंबरला इथे एक जास्तीचं काम आहे: खांद्याच्या आणि मानेच्या कोनात पाणी साचतं. तिथे बोटाला गुंडाळलेली कोरडी चिंधी फिरवा, नाहीतर पुढच्या काडतुसाची मान ओल्या चेंबरमध्ये बसेल.

मान आणखी एका बाबतीत कामाला येते, याचं श्रेय तिला द्यायला हवं. पातळ, मऊ पितळाची मान बार होताच चेंबरला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. .४४-४० ची उडवलेली पुंगळी बघा, मानेखाली जवळपास स्वच्छ असते. तुमच्या पुंगळ्यांवर काळे पट्टे खांद्याच्या खाली येत असतील, तर मानेचं पितळ कडक झालंय. मान तापवून मऊ करायची वेळ आली. पुंगळीचं बूड पाण्यात उभं ठेवा, ज्योत फक्त मानेवर, अंधूक उजेडात रंग जेमतेम पालटेपर्यंत. बूड तापलं तर ती पुंगळी फेकायची, त्यात दयामाया नाही. त्यानंतर पूर्ण डायमधून काढत बसू नका, एकबारी रायफलीला फक्त मान आवळली तरी पुरे. पुंगळी त्या चेंबरच्या मापाची राहते आणि आयुष्य वाढतं. उडवलेल्या पुंगळ्या तिथल्या तिथे साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. रात्रभर कोरड्या ठेवल्या की पितळावर हिरवट डाग, आणि पुढच्या वर्षी मानेला चीर.

रायफल धुवायलाही पाणीच. क्षार तेलात विरघळत नाहीत. नुसतं तेल फिरवून ठेवलेल्या काळ्या दारूच्या नळीत तेलाखाली गंज वाढतो. पाणी, मग कोरड्या चिंध्या, मग तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा चिंधी फिरवा, ती तांबूस आली तर आदल्या दिवशी हात आखडला होता.

.३०-३० बद्दल. भरता येईल का, तर येईल. पण मी करणार नाही, आणि कारण वर दिलेल्या भागाकारातच आहे. हे काडतूस १८९५ मध्ये बाजारात आलं तेच धूरविरहित दारूवर. नावातला दुसरा तीस हा काळ्या दारूचा आकडा नव्हेच. काळ्या दारूची सवय असलेल्या लोकांनी तसं वाचलं आणि गैरसमज आजवर टिकून आहे. .३०३ वाल्यांचं उदाहरण पुन्हा घ्या. बारीक नळी, चरांचा दहा इंचात एक फेर, सेकंदाला साडेअठराशे फुटांच्या आसपास वेग. तिथे त्यांनी उघडी शिशाची गोळी वापरलीच नाही, तांबे-निकेलचं आवरण घातलेली २१५ ग्रेनची वापरली. त्या रायफलीचे मेटफर्डने आखलेले चरही मुद्दाम उथळ आणि गोल कडांचे होते, काजळी धरायला कोपरा मिळू नये म्हणून. एवढं सगळं करून तीन वर्षांत ते कॉर्डाइट या धूरविरहित दारूवर गेले. तुमच्या मॉझरमध्ये सुमारे बावीस इंचात एक फेर आहे, मऊ गोळीला तो सोसतो. .३०-३० च्या बारा इंचांच्या फेरात मऊ गोळी सोलून निघते आणि कडक गोळी काजळीशी भांडते. गंमत म्हणून पाच बार काढायचे असतील तर काढा. नळकांड्याच्या मॅगझिनची रायफल असेल तर गोळी चपट्या नाकाची आणि मानेत घट्ट आवळलेली हवी. सहाव्या बाराची तक्रार मात्र माझ्याकडे आणू नका.

दोन गोष्टी प्रश्नात नाहीत, तरी सांगतो. काळ्या दारूच्या जागी धूरविरहित दारू मापाने मोजून कधीच भरू नका. तेवढ्याच मापात कितीतरी पट जोर असतो आणि रायफल हातात फुटते. दोन्ही मिसळून भरण्याचा जुना शौकही विसरा. आणि दारूचं माप काळ्या दारूसाठीच बनवलेलं घ्या, विजेवर चालणारं यंत्र नको, बाकावर एका वेळी एकच डबा आणि तोही झाकण लावलेला. शिसे ओतताना हवा खेळती, जवळ पाण्याचा थेंब नाही, आणि नंतर हात धुतल्याशिवाय तोंडाला बोट नाही. पुंगळ्या भरायला परवाना लागतो का, ते तुमच्या इथल्या कायद्यात बघून घ्या.

आता सुरुवात कुठून करायची? एकदम सगळं बदलू नका, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. चकती काढून टाकणं हा बदल धरू नका, तो आजच व्हायला हवा. मग त्याच वजनाच्या दारूत, लांब नळीने भरून, फक्त टेकवल्यासारखी दाबून, एकास वीसच्या गोळ्या बनवा. दहा काडतुसं भरा आणि मध्ये न पुसता, न फुंकता काढा. सातव्यानंतर रायफल उघडी ठेवून नळीचं तोंड बघा आणि गज फिरवताना तो कोणत्या इंचाला अडतो, ते गजावर खडूने खूण करून मोजा. ती खूण तोंडाकडे असेल तर वंगण आणि साचा बदलायचा. चेंबरपुढच्या पहिल्या विताशी असेल तर गोळी पातळ आहे किंवा अजूनही कडक आहे, आणि पुन्हा शिशाचा गोळा ठोकून नळी मोजायची.